बेगमपेठेतला अडतिसावा डास

बारावीच्या विज्ञान शाखेतल्या विद्यार्थ्याला एक आकृती हमखास काढावी लागते. डावीकडे माणूस, उजवीकडे डास आणि दोघांना जोडणारे बाण. पुढे तो प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला गेला, तर हीच आकृती अधिक नावांसह पुन्हा भेटते. एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्रात ती येते, परिचर्या आणि औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही ती चुकत नाही. हिवतापाच्या परजीवीचे हे जीवनचक्र गोव्यातल्या महाविद्यालयांत आणि देशभरात हजारो मुले दरवर्षी पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि गुण मिळवतात. या आकृतीच्या उजव्या बाजूला, डासाच्या जठराच्या भिंतीवर, एक लहानशी गोल पुटी दाखवलेली असते. ती पहिल्यांदा माणसाच्या नजरेस पडली २० ऑगस्ट १८९७ रोजी, हैदराबादजवळच्या बेगमपेठेतील एका लहानशा लष्करी रुग्णालयात. ज्याने ती पाहिली तो डॉक्टर विद्यार्थिदशेत वर्गाला कंटाळलेला होता, एका पात्रता परीक्षेत नापास झालेला होता आणि ज्या डासाच्या पोटात तो डोकावत होता त्याचे शास्त्रीय नावही त्याला ठाऊक नव्हते. त्याचे नाव रोनाल्ड रॉस.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयाच्या कुशीतल्या अल्मोडा येथे झाला. मेरठच्या छावणीत उठावाची ठिणगी पडून तीनच दिवस झाले होते. वडील कॅम्पबेल रॉस हे कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होते आणि पुढे ते सेनापतिपदापर्यंत पोहोचले. दहा भावंडांत रोनाल्ड थोरले. त्या काळच्या अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या रिवाजाप्रमाणे वयाच्या आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. आईवडिलांपासून हजारो मैल दूर, आइल ऑफ वाइट या बेटावर काका-काकूंच्या घरी त्यांचे बालपण सरले. मुलगा एकलकोंडा होता, पण बुद्धीने तल्लख. कविता, संगीत, चित्रकला आणि गणित या चार गोष्टींत त्याचा जीव रमे. सोळाव्या वर्षी ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या स्थानिक परीक्षेत चित्रकलेत त्याने पहिला क्रमांक पटकावला. त्याला चित्रकार व्हायचे होते, नाहीतर लेखक. वडिलांच्या मनात मात्र मुलाने वैद्यक शिकून हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत दाखल व्हावे असे होते. वडिलांचा शब्द मोडण्याचा तो काळ नव्हता. १८७४ साली सतरा वर्षांचा रोनाल्ड लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाला.

त्या वेळचा अभ्यासक्रम आजच्या विद्यार्थ्याला काहीसा ओळखीचा आणि काहीसा परका वाटेल. शरीररचना, शरीरक्रिया, रसायन आणि औषधी वनस्पतींसाठी वनस्पतिशास्त्र असे विषय होते. रोग जंतूंमुळे होतात हा विचार नुकता कुठे मूळ धरू लागला होता. कीटकांचा आणि माणसाच्या रोगांचा काही संबंध असेल, ही कल्पना कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. जे शिकवले जाई ते पाठ करावे, रुग्णशय्येजवळ उभे राहून ऐकावे आणि परीक्षेत सांगावे, हा शिरस्ता. रॉस यांचे मन त्यात रमले नाही. व्याख्यानांच्या वेळात ते संगीतरचना करत, नाटके आणि कविता लिहीत. १८७९ साली शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाची परीक्षा ते उत्तीर्ण झाले. पण औषधवैद्यांच्या संस्थेच्या परवाना परीक्षेत त्यांना अपयश आले. काही काळ अटलांटिकवरून ये-जा करणाऱ्या जहाजावर डॉक्टर म्हणून काढून त्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि दुसऱ्या खेपेला ते पार पडले. १८८१ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये त्यांची निवड झाली आणि जन्मभूमीत ते सोळा वर्षांनी परतले.

पुढची काही वर्षे मद्रास इलाख्यात, ब्रह्मदेशात आणि अंदमानात बदल्यांमध्ये गेली. छावणीतल्या डॉक्टरला काम बेताचे असे. सकाळी रुग्णालयाची फेरी आटोपली की दिवस मोकळा. रॉस यांनी तो वेळ गणितात घालवला, कादंबऱ्या लिहिल्या, शिकार केली. या रिकाम्या दिवसांतच १८८३ मध्ये बंगळूरला एक किरकोळ वाटणारी गोष्ट घडली. आपल्या बंगल्यात डासांचा उपद्रव इतरांपेक्षा अधिक का, याचा शोध घेताना खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात वळवळणाऱ्या अळ्या त्यांना दिसल्या. पिंप उपडे करताच डास कमी झाले. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहाभोवतीही असेच करावे, असे त्यांनी सुचवले. वरिष्ठाने ते हसण्यावारी नेले. त्या वेळी खुद्द रॉस यांनाही या निरीक्षणाचे मोल कळले नव्हते. डास ही त्यांच्या दृष्टीने केवळ झोपमोड होती.

छावण्यांतल्या रुग्णालयांत मात्र दर पावसाळ्यात हिवतापाचे रुग्ण ओळीने निजलेले असत. थंडी वाजून ताप येई, घाम सुटून उतरे आणि ठरावीक अंतराने पुन्हा येई. कोयनेल देणे एवढाच इलाज होता. दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेमुळे हा रोग होतो, असे शतकानुशतके मानले जात होते आणि ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थही दूषित हवा असाच आहे. १८८० साली अल्जीरियात अल्फोन्स लॅव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टराला रुग्णाच्या रक्तात हालचाल करणारा एक सूक्ष्म परजीवी दिसला. त्यावर पुष्कळांचा विश्वास बसेना, आणि अविश्वास दाखवणाऱ्यांत रॉसही होते. आपल्या सूक्ष्मदर्शकातून त्यांना तो दिसत नव्हता. हिवतापाचे मूळ आतड्यात असावे, असे प्रतिपादन करणारे लेखही त्यांनी प्रसिद्ध केले.

स्वतःचे शिक्षण अपुरे असल्याची जाणीव या काळात त्यांना होऊ लागली होती. १८८८ मध्ये रजा काढून ते इंग्लंडला गेले, सार्वजनिक आरोग्याची पदविका घेतली आणि जीवाणुशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केला. एकतिशी ओलांडलेला हा लष्करी डॉक्टर तरुण विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून काचपट्ट्या रंगवायला शिकत होता. १८८९ साली रोझा ब्लॉक्सम यांच्याशी विवाह करून ते हिंदुस्थानात परतले. खरी कलाटणी मिळाली ती १८९४ च्या रजेत. चीनमध्ये अनेक वर्षे काढून लंडनला स्थायिक झालेले डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना हिवतापाच्या रुग्णाचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. लॅव्हेराँचा परजीवी डोळ्यांसमोर होता. रॉस यांनी आपली चूक तत्काळ मान्य केली. हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी डासाच्या शरीरात वाढतात, हे मॅन्सन यांनी १८७७ मध्येच दाखवले होते. हिवतापाचा परजीवीही तसाच डासात जात असावा, असा त्यांचा तर्क होता. तो सिद्ध करायला डास आणि रुग्ण दोन्ही मुबलक असलेला देश हवा होता, आणि रॉस त्या देशात नोकरीला होते.

१८९५ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या धक्क्यावर उतरताच रॉस यांनी तेथल्या रुग्णालयात हिवतापाचे रुग्ण शोधायला सुरुवात केली. तिथून ते सिकंदराबादेला आपल्या मद्रासी पलटणीवर रुजू झाले. निजामाची राजधानी हैदराबाद हुसेनसागराच्या पलीकडे काही मैलांवर होती. तेथे १८४६ पासून वैद्यकीय विद्यालय चालत होते आणि आरंभी तेथील शिक्षण उर्दूतून दिले जाई. गोमंतकीय वाचकांना येथे पणजीच्या वैद्यकीय विद्यालयाची आठवण होईल. ते याच्या चारच वर्षे आधी, १८४२ मध्ये सुरू झाले. म्हणजे पोर्तुगीजांच्या गोव्यात आणि निजामाच्या राज्यात आधुनिक वैद्यकाचे वर्ग जवळपास एकाच सुमारास भरू लागले. रॉस सिकंदराबादेत असताना हैदराबादच्या विद्यालयाचे प्राचार्य डॉ. एडवर्ड लॉरी होते. क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेवरील त्यांच्या प्रयोगांनी हैदराबादचे नाव युरोपच्या वैद्यकजगतात पोहोचवले होते. पण लॅव्हेराँचा परजीवी त्यांना मान्य नव्हता. याचा अर्थ असा, की रॉस जे शोधत होते ते नाहीच, असे मानणारा मातब्बर शिक्षक शेजारच्याच शहरात विद्यार्थ्यांना शिकवत होता. त्या पिढीच्या मुलांनी आपल्या गुरूचे म्हणणे प्रमाण मानले असेल, तर त्यांना दोष देता येत नाही. पाठ्यपुस्तक आणि प्राध्यापक यांच्यापलीकडे पाहण्याचे साधन त्यांच्या हाती फारसे नव्हते.

रॉस यांच्या हाती होता तो स्वतःच्या आराखड्याप्रमाणे बनवून घेतलेला एक लहान सूक्ष्मदर्शक आणि मॅन्सन यांच्याशी चाललेला पत्रव्यवहार. पुढच्या चार वर्षांत रॉस यांनी त्यांना शंभराहून अधिक पत्रे लिहिली. बाकी सारे अज्ञानच होते. डासांच्या जाती किती, त्या ओळखायच्या कशा, कोणती जात कुठे अंडी घालते, हे सांगणारे पुस्तक त्यांच्याजवळ नव्हते. कीटकशास्त्र वैद्यकाच्या अभ्यासक्रमाचा भागच नव्हते. रॉस यांनी डासांना दिसतील तशी घरगुती नावे दिली: कुणी करडा, कुणी पट्टेरी. त्यांपैकी जे विपुल सापडत, त्या करड्या आणि पट्टेरी डासांवर त्यांनी प्रयोग चालवले. हे डास आज आपण क्युलेक्स आणि एडिस म्हणून ओळखतो. माणसाचा हिवताप या डासांत वाढत नाही, हे आज शाळकरी मूलही सांगेल. रॉस यांना ते माहीत नसल्याने त्यांचे महिनोन्महिने वाया गेले.

दुसरी चूक मॅन्सन यांच्या तर्कातली होती. डास आयुष्यात एकदाच रक्त पितो, पाण्यावर मरतो आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला रोग होतो, असे त्यांना वाटे. ते पडताळण्यासाठी रुग्णाचे रक्त प्यालेले डास ज्या पाण्यात मेले होते, ते पाणी रॉस यांनी काही नोकरांना पैसे देऊन पाजले. लछमन नावाच्या एका नोकराला काही दिवसांनी थोडा ताप आला आणि रॉस हरखून गेले. पण पुढच्या माणसांना काहीच झाले नाही. आज वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून रुग्णाची संमती आणि संशोधनातील नीती शिकवली जाते. त्या निकषावर रॉस यांचा हा प्रयोग टिकणार नाही. त्या काळी तो कुणाला गैर वाटला नाही, एवढीच त्याची बाजू. ज्यांनी ते पाणी घेतले त्यांच्या लेखी तो चार पैशांचा सवाल होता. त्यांना नकाराची कितपत मुभा होती, हा प्रश्न कुठल्याच अहवालात आला नाही.

मध्येच सरकारने रॉस यांना पटकीच्या साथीच्या बंदोबस्तासाठी बंगळूरला पाठवले आणि संशोधन दीर्घकाळ रखडले. सिकंदराबादेला परतण्यापूर्वी ते उटकमंडच्या पायथ्याशी, हिवतापासाठी कुप्रसिद्ध असलेल्या सिगूर घाटात गेले. कोयनेल घेत असूनही तेथे त्यांना स्वतःलाच हिवतापाने गाठले. ज्या रोगाचा पाठलाग चालला होता, त्याची थंडी त्यांनी अंगावर सोसली. जून १८९७ मध्ये ते पुन्हा सिकंदराबादेत दाखल झाले.

त्या वर्षीचा उन्हाळा लांबला होता. बेगमपेठेच्या रुग्णालयातील लहानशा खोलीत रॉस सकाळपासून संध्याकाळपर्यंत विच्छेदन करत बसत. उकाड्याने जीव नकोसा होई, पण पंखा हलवता येत नसे, कारण वाऱ्याने सुईच्या टोकावरचे डास उडून जात. बारीक माश्या डोळ्यांपाशी घोंघावत. कपाळावरच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले आणि उरलेली एकमेव नेत्रभिंगाची काच तडकली. एकेका डासाच्या पोटातला कण न् कण तपासायला कितीतरी वेळ लागे. शेकडो डास तपासून हाती शून्य होते.

ऑगस्टच्या मध्यात त्यांच्या माणसांनी आणलेल्या अळ्यांतून एक निराळा डास निघाला. अंगाने तपकिरी, पंखांवर ठिपके. रॉस यांच्या वहीत त्याची नोंद ठिपकेदार पंखांचा डास अशीच झाली. तो अ‍ॅनॉफिलीस होता. १६ ऑगस्टला हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला मच्छरदाणीत निजवून हे डास आत सोडण्यात आले. चावणाऱ्या प्रत्येक डासामागे एक आणा, असा दर ठरला होता. रक्त प्यालेले डास बाटल्यांत वेगळे ठेवले गेले आणि रॉस एकेक करून ते तपासू लागले. काही मेले, काही तपासणीत निकामी झाले. २० ऑगस्टला दुपारी मोजकेच उरले होते. त्या दिवशी अडतिसाव्या क्रमांकाच्या डासाचे जठर काचपट्टीवर पसरून पाहताना त्याच्या भिंतीत त्यांना एक गोल पेशी दिसली. डासाच्या जठरात अशी पेशी असायला नको होती. नीट पाहता आतमध्ये काळ्या रंगद्रव्याचे बारीक कण दिसले, अगदी हिवतापाच्या परजीवीत असतात तसेच. एक नव्हे, अशा अनेक पेशी होत्या.

येथे रॉस यांच्यातला गणिती कामी आला. दिसले ते खरे कशावरून, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. परजीवी जिवंत असेल तर दुसऱ्या दिवशीच्या डासात या पेशी मोठ्या झालेल्या असायला हव्यात. २१ ऑगस्टला त्यांनी एकोणचाळिसावा डास फाडला. पेशी होत्या, आणि कालच्यापेक्षा मोठ्या होत्या. हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो, हे सिद्ध झाले. कवीमन असलेल्या या डॉक्टराने त्या आनंदात कविता लिहिली आणि पत्नीला पाठवली.

या शोधाचा अहवाल त्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. तोवर सरकारने त्यांची बदली राजपुतान्यातल्या खेरवाड्याला करून टाकली होती. तेथे हिवताप फारसा नव्हता. हातातोंडाशी आलेले काम सुटले म्हणून रॉस संतापले आणि हताशही झाले. आकृतीचे बरेच भाग अजून कोरे होते, आणि त्यातला एक भाग याच वर्षी अमेरिकेत भरला गेला. डासाच्या पोटात पोहोचल्यावर परजीवीतून चाबकासारखे तंतू बाहेर पडतात, हे रॉस यांनी दोन वर्षे पाहिले होते, पण त्याचा अर्थ त्यांना लागला नव्हता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यक शिकणाऱ्या विल्यम मॅकॅलम यांनी कावळ्याच्या रक्तातल्या तशाच परजीवीत पाहिले, की तो तंतू म्हणजे नर-बीज आहे आणि ते मादी-पेशीत शिरून फलन घडवते. पदवीच्या उंबरठ्यावरच्या एका मुलाला जे दिसले, ते अनुभवी मंडळींच्या नजरेतून निसटले होते. अनुभवी मंडळी तंतूंमध्ये मॅन्सन यांचा तर्क शोधत होती. मॅकॅलम यांना तो ओझ्यासारखा वाहायचा नव्हता.

मॅन्सन यांनी लंडनमधून रदबदली केल्यावर १८९८ च्या आरंभी रॉस यांना कलकत्त्याला विशेष कामगिरीवर नेमण्यात आले. तेथे प्लेगच्या धास्तीमुळे लोक बोट टोचून घ्यायला तयार होईनात. रॉस यांनी मग पक्ष्यांचा हिवताप हाती घेतला. महंमद बक्ष हा त्यांचा साहाय्यक चिमण्या आणि डास दोन्ही गोळा करी, त्यांची निगा राखी. त्या जुलैमध्ये जठराच्या भिंतीवरील पुट्या फुटून निघालेले सूक्ष्म दंड डासाच्या लाळग्रंथीत पोहोचताना रॉस यांना दिसले. मग असे डास निरोगी चिमण्यांना चावू दिले आणि त्या चिमण्या आजारी पडल्या. चक्र पूर्ण झाले. पाणी नाही, हवा नाही, डासाचा दंशच रोग पसरवतो, हे ठरले. त्याच महिन्यात मॅन्सन यांनी एडिंबरोच्या वैद्यकीय परिषदेत ही वार्ता जाहीर केली. माणसाच्या हिवतापाचे पूर्ण चक्र अ‍ॅनॉफिलीस डासात त्याच वर्षाअखेरीस इटलीच्या जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले.

इथून पुढची कथा तितकीशी सुखद नाही. श्रेय कुणाचे, यावरून रॉस आणि ग्रास्सी यांच्यात कडवट वाद पेटला आणि तो दोघांच्या हयातीत शमला नाही. १९०२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल एकट्या रॉस यांना मिळाले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले ब्रिटिश ठरले. तरी त्यांचा कडवटपणा ओसरला नाही. पुढे मॅन्सन यांच्याशीही त्यांचे बिनसले. सरकारने पुरेसा मोबदला दिला नाही, ही सल त्यांना आयुष्यभर राहिली. आपल्याला मिळालेल्या श्रेयाबाबत इतका काटेकोर असलेला हा माणूस हुसेन खान आणि महंमद बक्ष यांच्या वाट्याला काय आले, याबाबत तसा हिशेबी दिसत नाही. त्यांची नावे उरली ती रॉस यांच्याच नोंदींमुळे, हे मात्र त्यांच्या पदरात टाकावे लागेल. त्या काळच्या कित्येक संशोधकांनी तेवढेही केले नव्हते.

१८९९ साली सेवानिवृत्ती घेऊन रॉस लिव्हरपूलला गेले आणि तेथे नव्याने निघालेल्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या विद्यालयात अध्यापक झाले. वर्गात कंटाळणारा विद्यार्थी आता वर्ग चालवू लागला. आशिया आणि आफ्रिकेत जाणाऱ्या डॉक्टरांना डास ओळखायला, फाडायला आणि अळ्या शोधायला शिकवणे, हे त्यांचे काम. ज्या ज्ञानावाचून त्यांची दोन वर्षे फुकट गेली होती, ते त्यांनी अभ्यासक्रमात बसवले. आज वैद्यकाच्या विद्यार्थ्याला रोगवाहक कीटकांचा धडा असतो, त्याची परंपरा अशा विद्यालयांपर्यंत मागे जाते. शिकवता शिकवता ते सिएरा लिओन, सुएझ कालव्याकाठचे इस्माइलिया आणि मॉरिशस येथे गेले. साचलेले पाणी काढा, डबकी बुजवा, तेल शिंपडा, असा त्यांचा आग्रह असे. गणित त्यांनी सोडले नव्हते. एका वस्तीतल्या डासांची संख्या एका मर्यादेखाली नेली, तर शेवटचा डास मारण्याची गरज न पडता हिवताप आपोआप ओसरेल, हे त्यांनी समीकरणांनी मांडले. साथरोगांचा प्रसार गणिताने मोजण्याच्या आजच्या शास्त्रात त्या विचाराला पायाचे स्थान आहे.

१९११ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९२३ साली त्यांचे आत्मचरित्र आले, १९२६ मध्ये लंडनला त्यांच्या नावाची संशोधन संस्था उभी राहिली. जानेवारी १९२७ मध्ये कलकत्त्याच्या ज्या रुग्णालयात त्यांनी काम केले तेथे त्यांच्या स्मारकाच्या कमानीचे उद्घाटन झाले, तेव्हा ते स्वतः उपस्थित होते. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या आकृतीतही एक मोठी जागा तेव्हा रिकामी होती. डास चावल्यापासून ताप येईपर्यंतच्या दिवसांत परजीवी कुठे दडतो, हे कुणाला माहीत नव्हते. तो यकृतात वाढतो, हे शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी १९४८ मध्ये दाखवले. आजचा विद्यार्थी यकृताकडे जाणारा जो बाण सहज काढतो, तो रॉस यांच्या पश्चात सोळा वर्षांनी काढला गेला.

बेगमपेठेतील ती इमारत आज उस्मानिया विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाच्या अखत्यारीत असून तेथील परजीवीशास्त्र संस्थेला रॉस यांचे नाव आहे. शहरातले नल्लाकुंटा येथील फीव्हर हॉस्पिटलही त्यांच्याच नावाने आहे. १८४६ चे वैद्यकीय विद्यालय पुढे उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय झाले, आणि ज्या परजीवीवर तेथल्या प्राचार्यांचा विश्वास नव्हता, त्याचे जीवनचक्र तेथले विद्यार्थी आता पाठ करतात.

गोव्याला या कथेत परके वाटण्याचे कारण नाही. जुने गोवे ओस पडण्यामागे ज्या साथी होत्या, त्यांत हिवतापही होता असे मानले जाते. १९८० च्या दशकात पणजीत तो पुन्हा डोके वर काढू लागला, तेव्हा बांधकामांच्या जागी साचलेले पाणी आणि तेथे वाढणारे अ‍ॅनॉफिलीस डास यांच्याकडे बोट दाखवले गेले. बांधकाम मजुरांची रक्ततपासणी आणि आरोग्यपत्रे त्यातूनच आली. आजही पावसाळ्यात आरोग्य खात्याचा कर्मचारी इमारतींच्या टाक्यांची झाकणे उचलून पाहतो, टॉर्चच्या उजेडात अळ्या शोधतो आणि पिंपे उपडी करायला सांगतो. घरमालक बहुधा कपाळाला आठ्या घालतात. बंगळूरच्या छावणीत १८८३ साली एका तरुण डॉक्टरने हेच सांगितले होते आणि तेव्हाही ते कुणी मनावर घेतले नव्हते.